न रडलेलं बाळ

सांगली, गुरुवार, २४ फेब्रुवारी १९९४

ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणून दुपारी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत पाळकीणबाईंनी शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा ख्रिस्ती संन्याशाचं लिखाण वाचून दाखवलं. माणूस दुःखातच जन्मतो, म्हणून तर प्रत्येक मूल रडतच येतं, आणि त्यातून सुटका फक्त तारणाऱ्याच्या हाती, असं काहीसं. बाकीच्या माना डोलवत होत्या. मी तिथंच अडकले. प्रत्येक मूल?

माझा पहिला रडला नव्हता. सात वर्षं झाली. दवाखान्यात सगळे गप्प, एवढंच आठवतं. रडलाच नाही, म्हणजे तो त्या दुःखातून आधीच सुटला, की ज्यांची सुटका व्हायची त्यांच्यात धरलाच गेला नाही? बाप्तिस्माही राहिला.

परतताना सगुणामावशींना विचारलं. पाटणकडच्या, जन्मभर सुईणपण केलेल्या. फटकन म्हणाल्या, "त्या बाबानं कवा बाळंतपण बघितलंय का? अगं, पोर रडलं की खोलीतल्या सगळ्या बाया हसत्यात! न्हाई रडलं तर आमी धपाटं घालून रडवतो." मग माझ्याकडं बघून एकदम थांबल्या. हात धरून म्हणाल्या, "तुझं लेकरू देवाजवळ हाय गं."

असेलच. माझा विश्वास आहे. पण तिथं कुणी रडत नाही, देव सगळ्यांचे डोळे पुसतो, असं पवित्र शास्त्रात आहे ना. मग मी त्याचं रडणं ऐकणार कुठं?

प्रभू, चुकत असेन तर क्षमा कर. मी येईन तेव्हा एकदाच रडू दे त्याला. मग तू त्याचे डोळे पूस.