खाऱ्या टँकचा एक्सपर्ट

३ मार्च १९६४
टँकवर रुजू झालो. धाड गावाहून तीन मोटारी बदलाव्या लागल्या. इकडे सारं खारपाण. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मालक उत्तमराव जिनिंगवाले त्याच पाण्यानं पोहायचा टँक भरतात. म्हणे, "मुंबईले लोक समुद्रात पोहतात, मग इथं काऊन नाही?" नागपूरच्या क्लबात दोन वर्षं टँकमधला पाला काढला, त्याले मी 'टँक लाइनचा अनुभव' म्हणालो. खोटं नाही.
जेवण अन्नपूर्णा मावशीकडे. पिण्याचं गोड पाणी गावात एकाच जागी, नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यात. वाटीवाटीनं भरतात. मावशी म्हणाली, "टाकीचं पाणी नाल्यात नको सोडू बरं, बाप्पा. साऱ्या गावाचा जीव आहे तिथं." एक्सपर्टले हे सांगावं लागत नाही.

१० मार्च
टँक हिरवा. दोष विहिरीचा. पंचवीसला ओपनिंग. उद्यापासून पाचला उठून पाणी तपासणार.

११ मार्च
आठला उठलो. हिरवंच.

१२ मार्च
आठवलं! क्लबात साहेब पाण्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, टाकायचे. पाणी काचेसारखं. फकीर मोहम्मदच्या दुकानातून दोन पोती आणली. तो म्हणे, "सोनार झाला का बे? का साऱ्या तालुक्याची तोंडं आली?" क्लबात त्याच्यासंगं अ‍ॅसिडचे बुधलेही यायचे. ते बहुतेक संडास धुवायले. आणले नाहीत.

१४ मार्च
टँक ताकासारखा पांढरा. तळ दिसत नाही. पण हिरवं गेलं, ते कोणी बोलत नाही. मालक म्हणे, "पाहुणे याच्यात पोहतील का कढी पितील?" दोन दिवसांत साफ करतो म्हणालो.

१५ मार्च, दुपार
मालक खामगावले. खालचा व्हॉल्व्ह उघडला. थोडंच सोडणार होतो. व्हॉल्व्ह परत बंद होईना. कंपनीचा माल खराब. नाला कोरडाच आहे, जिरून जाईल. जिरलं म्हणजे संपलं.

१८ मार्च
मावशीचा चहा फाटला. मी दूधवाल्याचं नाव घेतलं. तिच्या नातवाले हगवण. दात येत असतील.

२० मार्च
बाया झिऱ्यावरून रिकाम्या घागरी घेऊन आल्या. नाल्यात कोणी काय सोडलं, म्हणून चावडीवर बोंब. मीही शिव्या दिल्या. सगळ्यांपेक्षा जास्त. उद्या मावशीले सांगणार. पक्कं.

२१ मार्च
मावशीकडे पाहुणे होते.

२२ मार्च
पाहुणे गेले. पण मावशी थकलेली दिसली. दोन कोसांवरून पाणी आणलं होतं, तेही खारंच.

२३ मार्च
आज सांगायचं ठरवूनच गेलो. नातू पडवीत निपचित. रडतही नाही. मावशीनं कोपऱ्यातून लहान घागर काढली. झिरा बिघडायच्या आधीचं पाणी, तळाशी उरलेलं. म्हणे, "पोरासाठी झाकून ठेवलं होतं. पण तू परक्या गावचा. तुले हे खारं पचणार नाही, बाप्पा. घे, अर्धं तू घे."
सांगायले तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं तांब्या हातात दिला.
तहान लागली होती.