मावशीचं कुरूप

नेविन, २० सप्टेंबर

चि. मेरेरिद हिस,
तेगवेन मावशीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या मेंढ्या पुन्हा माझ्या कोबीत शिरल्या होत्या. त्यांच्या मालकाला म्हटलं, आता कोबी तूच ताटात वाढून दे त्यांना. तो हसला. निर्लज्ज आहे.

आता खरी बातमी. गावाच्या मासिकात तुझा फोटो आलाय! मजकूर अर्थात माझाच. ‘आपल्या नेविनची पहिली पोडियाट्रिस्ट’ असा मथळा दिलाय, म्हणजे पायांची डॉक्टर. ऑक्टोबरात सुगीचे आभार मानायच्या सोमवारी तू चॅपलला प्रार्थनेला येशीलच, तेव्हा चहा झाल्यावर मागच्या खोलीत सगळ्यांचे पाय बघशील, असंही शेवटी टाकलंय. म्हातारी मंडळी आत्तापासून मोजे धुवायला लागली आहेत. कात्रण आणि आलुबुखाराच्या मुरंब्याची बाटली तुझ्या प्रॉसरबाईंना परस्पर पाठवून दिली. वरिष्ठांना कळलं पाहिजे की आमची पोरगी काही उकिरड्यावर पडलेली नाही.

येताना ते तुमचं धारदार पातं घेऊन ये. माझ्या करंगळीवरचं कुरूप बुटात फार सलतं. परक्यांचे पाय धरतेस, मग मावशीचा धरायला काय हरकत आहे?

तुझ्या आवडीचा बारा ब्रिथ, आपला मनुक्यांचा गोड पाव, करून ठेवते. येण्यात कसूर करू नये आणि वजन कमी झालेलं चालणार नाही.

तुझी,
तेगवेन मावशी

रेक्सम, २५ सप्टेंबर

ती. मावशीस,
मेरेरिदचा सा. न. वि. वि.

मावशी, हे काय करून बसलीस गं! कात्रण काल प्रॉसरबाईंच्या टेबलावर वाचलं. फोन मयताच्या बातमीसाठीच असतो असा तुझा नियम, म्हणून लिहिते आहे. नाहीतर कालच किंचाळले असते.

मी पोडियाट्रिस्ट नाही. मी त्यांची मदतनीस आहे. ‘पोडियाट्रिस्ट’ हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. सरकारी नोंदणीत नाव नसताना ते कुणी मिरवलं तर खटला होतो. आम्हा मदतनिसांची तशी नोंदणीच नसते. प्रॉसरबाई आधी पाय तपासतात आणि जे काम माझ्यावर सोपवतात तेवढंच मी करते. नखं कापायची, घट्टे घासायचे, पट्टी बदलायची. काही वेगळं दिसलं की हात थांबवायचा आणि त्यांना बोलवायचं. मी चुकले तर त्यांनाही जाब द्यावा लागतो. आणि तू त्यांनाच मुरंबा पाठवलास!

पदवीच्या शिक्षणासाठी माझं नाव त्याच पाठवणार आहेत, हे तुला ठाऊक आहे. मंगळवारी त्यांनी मला खोलीत बोलावलंय. कशासाठी ते सांगितलं नाही, नुसतं ‘कात्रणाबद्दल’ म्हणाल्या. दोन वर्षं या एका जागेकडे डोळे लावून बसले आहे गं. मला भीती वाटतेय.

आणि तुझं कुरूप मी कापणार नाही. तुला मधुमेह आहे. तुझ्या पायाला पातं लावणं माझं काम नाही, घरी तर मुळीच नाही. पुल्हेलीच्या दवाखान्यात जाऊन दाखव. रागावलीस तरी चालेल, पण जा.

भ्यायलेली पण तुझीच,
मेरेरिद

नेविन, २९ सप्टेंबर

चि. मेरेरिद,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. लहानपणी तुझ्या पायातले काटे मी काढले, ते काय नोंदणी बघून? मदतनीस म्हणे! गावात सांगायला तो शब्द मला हलका वाटला, म्हणून मोठा शब्द घातला, झालं. तिरीमिरीत तुझ्या काकांचा जुना वस्तरा काढला, गरम पाण्यात पाय घातला आणि म्हटलं, माझं मीच कापते.

पण ‘मला भीती वाटतेय’ हे तू लिहिलंस ना, ते काही मनातून जाईना. तू असं कधी म्हणत नाहीस. वस्तरा तसाच पुसून ठेवला. रविवारी प्रार्थना संपल्यावर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मथळा माझा, चूक माझी, पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. ऑर्गनवाल्या बाईंनी विचारलं, मग आमच्या पायांचं काय? म्हटलं, ते घरीच ठेवा. मासिकात दुरुस्ती येतेय आणि प्रॉसरबाईंनाही सगळं लिहून टाकलंय. या वेळी मुरंब्याशिवाय, लाच वाटायला नको.

पुल्हेलीला वेळ मागितली आहे. तू म्हणालीस म्हणून. नाक मुरडतच जाणार आहे.

मंगळवारचं काय झालं ते लगेच कळव. माझ्यापायी तुझं नुकसान झालं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तुझी अविचारी,
मावशी

रेक्सम, ३ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. आणि एक घट्ट मिठी.

सुटले! प्रॉसरबाईंच्या टेबलावर कात्रण, तुझं पत्र आणि अर्धी झालेली मुरंब्याची बाटली होती. ती बाटली बघून माझा जीव थोडा भांड्यात पडला. त्यांनी एकच विचारलं, त्या दिवशी चॅपलमध्ये लोकांनी खरंच मोजे काढले असते तर मी काय केलं असतं. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या मावशीलाच नाही म्हटलंय, तर बाकीच्यांची काय कथा. तुझ्या कुरपाची सगळी हकिगत सांगितली. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या की हात कधी लावायचा नाही हे जिला कळतं, तिलाच पुढे शिकवायचं असतं. माझं नाव पाठवलंसुद्धा!

बाहेर येऊन जिन्यात बसून चक्क रडले.

त्यांचा निरोप आहे की वस्तऱ्याला अजिबात हात लावायचा नाही.

तुझ्या बारा ब्रिथची वाट पाहणारी,
मेरेरिद

नेविन, ११ ऑक्टोबर

चि. मेरेरिद,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मेंढ्यांनासुद्धा माफ करून टाकलं.

पुल्हेलीला जाऊन आले. तिथल्या पोडियाट्रिस्टने (बघ, आता शब्द जपून वापरते) पायाला एक बारीक तार टेकवून मला कळतंय का ते बघितलं. करंगळीला मला काही कळेचना. मग त्याने कुरूप हलकेच सोललं, तर खाली जखम! सलणं मधे कधी थांबलं होतं, मला वाटलं बरं झालं. तो म्हणाला, यावर वस्तरा फिरवला असता तर बोट गेलं असतं, कदाचित पायही. आता वेळेत आलात, भरून येईल. मेरे, मी वस्तरा ओला केला होता गं. तू नाही म्हणालीस म्हणून माझा पाय माझ्याजवळ आहे.

पट्टी बांधायला एक चुणचुणीत मुलगी आली. तू डॉक्टर का म्हणून विचारलं, तर म्हणाली, मी मदतनीस. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, माझी भाचीही मदतनीसच आहे. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

सोमवारी लवकर ये. तुझी खुर्ची माझ्या शेजारी राखून ठेवलीय. चॅपलच्या दारावर माझ्या हाताने पाटी लावलीय, या वेळी शब्द दोनदा तपासून: ‘मेरेरिद फक्त चहाला येत आहे. कोणीही मोजे काढू नयेत.’

माया आहे तशीच राहो, आणि पाय दोन्ही.

तुझी,
तेगवेन मावशी