वासाचा नकाशा

शनिवार, ११ जानेवारी
ठाण्यातल्या माजिवड्याच्या वर्गाहून आत्ताच आले. फोनवर नकाशा करायला शिकले! पिनवर, म्हणजे जागेवरच्या खुणेवर, बोट ठेवलं की माहिती उघडते. लिंक पाठवली की दुसरेही आपापल्या पिना टाकू शकतात; काढता मात्र नकाशा करणाऱ्यालाच येतात. शिकवणारी संचिता म्हणाली, "तुमच्या भागात रोज काय सोसावं लागतं, त्याचा नकाशा करा." मी वास निवडला. केमिकलचा. डोंबिवलीत आणखी काय निवडणार?

बुधवार, १५ जानेवारी
लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत एकतीस पिना! समोरच्या प्रमोदिनीकाकूंनी तर माझ्याच सोफ्यावर बसून टाकली – एका हातात दम्याचा पंप. "अगं, बरोबर जागेवर पडली ना?"

शुक्रवार, १७ जानेवारी
चौसष्ट झाल्या. नकाशा जरा लांबून पाहिला. निम्म्या पिना एकाच भिंतीला चिकटलेल्या – रवींद्र कामाला आहे त्या कंपनीचं मागचं गेट.
त्याला दाखवलं. जेवत होता. ताट सरकवलं. "काढ त्या."
लोकांनी टाकल्यात, म्हटलं.
"कंपनीला टाळं लागलं तर घर लोक चालवणार का?" नवरा असं बोलला की पुढे बोलणं संपतं.

शनिवार, १८ जानेवारी
वर्गाला गेले नाही.

रविवार, १९ जानेवारी
काढल्या. गेटजवळच्या सगळ्या. एकेक करून. काकूंचीही त्यात होती – "सकाळी सहाला डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो." थोडी थांबले. मग तीही काढली.

गुरुवार, २३ जानेवारी
काकू दारात. "माझी पिन दिसत नाही गं. माझंच काही चुकलं का?"
"नेट स्लो असेल, काकू." त्यांच्या तोंडावर बोलले हे!

मंगळवार, २८ जानेवारी
सकाळी वास इतका, की खिडक्या लावूनही खोकला थांबेना. सातला काकूंना अ‍ॅडमिट केलं. रवींद्र तेव्हा कामावर होता.

बुधवार, २९ जानेवारी
काकू गेल्या.
त्यांचा मुलगा स्वानंद एकच म्हणत राहिला, "आदल्या दिवशी चांगली होती हो." रवींद्रने खांदा दिला.

रविवार, २ फेब्रुवारी
गेटवर एक नवी पिन. नाव द्यायची सक्ती नाही, तरी दिलंय –
"टाकीतला गॅस सकाळी सहाला बाहेर सोडतात. अठ्ठावीस तारखेला व्हॉल्व्ह मी उघडला. – रवींद्र सकपाळ, ऑपरेटर."