तुझ्या आईची तपासणी

प्रिय प्रेमराज,

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझ्या आईनेच तशी शपथ घातली आहे.

दहा वर्षांपूर्वी तू म्हणालास, "लग्न करू, जळगावात दवाखाना टाकू." मी सर्जन झाले होते, पण मला कर्करोगाच्या संशोधनात जायचं होतं. मी नाही म्हणाले. तुझ्या आईनं, भागाबाईंनी, माझ्याशी बोलणं टाकलं.

पाच वर्षांपूर्वी त्या स्वतःच पाचोऱ्याहून धुळ्याच्या रुग्णालयात माझ्यासमोर येऊन बसल्या. स्तनात गाठ होती. "प्रेमराजले सांगू नको, कॅनडातून पळत येईल." लहान ऑपरेशन करून स्तन वाचवता येतो का, याचा आम्ही अभ्यास करत होतो. त्यांनी त्यात नाव दिलं. ऑपरेशन मीच केलं; त्या सकाळी त्याआधी मी किती घाबरले होते, हे कुणालाच सांगितलं नाही.

आज पाच वर्षांची तपासणी झाली.

"बठ्ठं नीट शे ना?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठं, अगदी सगळं नीट आहे," मी म्हणाले.

त्यांनी मला कवटाळलं आणि नर्ससमोर मोठ्यांदा म्हणाल्या, "तवय तू मना पोऱ्याले नही म्हनी, बरं करं व माय!"

तुला दिलेल्या नकाराची ही शाबासकी ऐकून मला हसू आवरेना, रडूही.

रविवारी तू फोन करशील तेव्हा त्या जरा जास्तच खुशीत असतील. कारण विचारू नकोस.

आज फार आनंदात असलेली,
सुलक्षणा