दादाच्या ट्रकचा पिस्टन

नेरूळ, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

आज वहिनी डबा द्यायला शिरवण्याच्या मेकॅनिक ट्रेनिंग सेंटरवर आली आणि नेमका माझा तोच तास चालू होता. इंजिन कशाने गेलं ते शोधायला शिकवतो मी. टेबलावर दादाच्या ट्रकचा जळालेला पिस्टन. तो कुणाचा, हे मुलांना माहीत नाही. दर बॅचला तेच सांगतो. रेडिएटरमधलं पाणी संपलं, काटा लालवर गेला, तरी ड्रायव्हरने गाडी दामटली, इंजिन जॅम झालं. घाटात दादा खाली उतरून बघत असताना मागून आलेल्या टँकरने त्याला उडवलं, ते सांगत नाही.

एक जण म्हणाला, "सर, ड्रायव्हर झोपला होता काय?" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो? मग दारात वहिनी दिसली.

जेवताना वहिनीनेच विषय काढला. भात वाढता वाढता म्हणाली, "भावजी, ते पाणी भरल्याबिगर कधी निघायचे नाहीत. त्या दिवशीही कळशी मीच दिली होती हातात. तेवढं पण सांगत जा की पोरांना."

मग पाणी गेलं कुठे? पाइप फुटला होता? पंप गळत होता? पहिलं कारण सापडलं की थांबू नका, असं मीच शिकवतो. दादाच्या वेळी मात्र थांबलो. रागावलो होतो त्याच्यावर, असा कसा गेला म्हणून.

ट्रक केव्हाच भंगारात गेला. पिस्टन तेवढा मी ठेवून घेतला, त्याची चूक दाखवायला.