बहात्तर सालची उपकारस्तुती

चिंचवड, ६ ऑगस्ट १९७२

ती. सोजराअक्का हिस भीमराजचा प्रभूच्या नावे सलाम. वि. वि.

मी सांगतोय आणि सुमन लिहितेय. जूनमध्ये लेथच्या फिरत्या चकात उजवा हात सापडला, त्याचं बँडेज काल सुटलं. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तिन्ही गेली. फोरमन सदाशिवराव म्हणाले, दिवाळीपर्यंत डाव्या हातानं एक तरी जॉब मापात कातून दाखव, मशीन तुझंच. नाहीतर स्टोअरमध्ये झाडलोट. नऊ वर्षं टर्नर म्हणून मिरवलो, आता केरसुणी धरायची.

रविवारी चर्चला जात नाही. हात जोडायचे म्हटलं की हाताकडेच लक्ष जातं. आबांना यातलं काही कळवू नकोस.

तुझा भाऊ, भीमराज

(अक्का, ही ओळ माझी, सुमनची. यांनी दोन दिवस ताटाला हात लावलेला नाही.)


माळेवाडी, जि. अहमदनगर, २० ऑगस्ट

चि. भीमराज यास अक्काचा सलाम व अ. उ. आ.

आबांना कळवू नको म्हणतोस, पण पोस्टमन पत्र त्यांच्याच हातात देतो. वाचलं, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

विहीर आटली. अडुसष्टाव्या वर्षी आबा दुष्काळी कामावर खडी फोडतात. सकाळी हातोडी उचलायच्या आधी प्रार्थना करतात, तेवढा वेळ माळी, मराठे, सगळेच थांबतात. कशाचे आभार मानता, असं मी चिडून विचारलं, तर म्हणाले, हातोडी उचलवते याचे.

उपाशी राहून बोटं उगवत असती तर मीच तुला जेवू नको म्हटलं असतं. मुकाट्यानं जेव आणि मशीनवर उभा राहा. सुमनला सांग, अशाच चहाड्या करत जा.

तुझी अक्का


चिंचवड, २१ ऑक्टोबर

ती. अक्कास सलाम. वि. वि.

अक्षर माझं आहे, डाव्या हाताचं. कोंबडीचे पाय म्हणून हसू नकोस.

टोपलीभर जॉब वाया घालवले. सदाशिवराव रोज शिफ्ट सुटल्यावर शेजारी उभे राहायचे आणि शिव्याही घालायचे. काल एक पोलादी पिन बरोबर मापात काढली. त्यांनी मायक्रोमीटरनं तीनदा मापली आणि अख्ख्या शॉपला हाक मारली. मशीन माझं राहिलं, अक्का! बंद केलं आणि तिथंच प्रार्थना केली, जूननंतरची पहिली. उद्या चर्चला जाणार आहे.

गावी हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार आता येईल. दरसाल आबा पहिली कणसं देवासमोर ठेवतात, यंदा शिवारात काय असणार! म्हणून ती पिन पाठवतोय. सदाशिवरावांनी स्वतः गेटपास करून दिला. ठेवण्यासारखी वाटली तर ठेवा, नाहीतर आबांना खुंटी म्हणून होईल.

भीमराज


माळेवाडी, १३ नोव्हेंबर

चि. भीमराज व चि. सौ. सुमन यांस सलाम व अ. उ. आ.

काल उपकारस्तुती झाली. चर्चच्या मेजावर दोन सीताफळं आणि रेशनची मूठभर लाल ज्वारी, ती मिलो, बस. आबा चर्चचे पंच, तेव्हा कुणाच्या शेतातलं काय आलं ते त्यांनीच पुकारायचं. शेतंच उजाड, पुकारायला फारसं काही नव्हतं.

तू जमीन सोडून गेलास तेव्हा आबा माझं पोरगं लोखंड खायला निघालं म्हणाले होते, आठवतं? नऊ वर्षांत चर्चमध्ये तुझ्या कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही. काल पांढऱ्या रुमालात बांधलेली पिन घेऊन उठले. मला धास्ती, लोक हसतील. कुणी हसलं नाही. रुमाल सोडून पिन मधोमध ठेवली आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं पुकारलं: भीमराज दौलत याच्या शेतातलं, पहिलं पीक.

मी रडले, लपवत नाही. प्रभू तुमच्या घरावर कृपा ठेवो, आणि तुम्ही आमच्यावर माया ठेवा.

तुझी, सोजराअक्का