तीन बोटांचा मोजा

१२ जानेवारी
हातमोजे आणायला गेले. दुकानदाराने जाड चामड्याचे पुढ्यात टाकले. "नवशिक्यांना हेच. नांगी पोचायचीच नाही!" घालून पाहिले, तर उजव्याची दोन बोटं रिकामी, लोंबतायत. त्याची नजर तिथेच. म्हटलं, "प्रेस मशीननं नेली. पाच वर्षं झाली. तुम्ही बांधून द्या."

१४ जानेवारी
मधमाशीपालनाचा पहिला वर्ग. शिकवणाऱ्या बाई नुसत्या पातळ मोज्यांत! मी ऐटीत चामडं चढवलं, पेटीतली चौकट उचलली — आणि रिकामं बोट खाली अडकलं. तीन माश्या चिरडल्या. त्या वासानं बाकीच्या चवताळल्या. बाई ओरडल्या, "चौकट टाकू नका!" मानेवर दोन डंख. पण नाही टाकली.

१५ जानेवारी
धाकटी जाऊ सुजलेली मान बघून म्हणते, "जाऊबाई, त्यापेक्षा कोंबड्या पाळा की!" कोंबड्या काय चोच मारत नाहीत?

१७ जानेवारी
मोजे बदलून पातळ, मऊ कातड्याचे आणले. रिकामी बोटं कापली, भोकं शिवून टाकली. टाके उसवले. परत घातले, दुहेरी. आता मूठ वळते तसा मोजा वळतो.

२१ जानेवारी
मोजा झकास! पण पटाशी — चिकटलेल्या चौकटी उचकटायची चपटी पट्टी — हातातून सटकते. पकडीचा जोर करंगळीच्या बाजूला असतो, हे ती गेल्यावरच कळतं. चार वेळा पडली. पाचव्यांदा मात्र चौकट उचकटली.
बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पेटी एकटीनं उघडायची."
उघडणार!

२४ जानेवारी
ह्यांनी कारखान्यातून पटाशी करून आणली! फिटर माणूस. मूठ जाड, शेवटी वाक दिलेला, तळव्यात घट्ट बसणारा. अगदी बरोबर. मला वाटायचं, हे माझ्या हाताकडे बघतच नाहीत. विचारलं, "माप कधी घेतलंत?" उठून गेले. चहा तसाच.

२८ जानेवारी
उघडली! एकटीनं! सात चौकटी, एकही माशी चिरडली नाही. राणीमाशीसुद्धा दिसली — लांबट, घाईत. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पेटी घरी न्या."

२९ जानेवारी
मागच्या अंगणात पेटी मांडून झाली. हे शेजारी उभे. एकदम म्हणाले, "तुझी बोटं गेली त्या दिवशी प्रेस मशीनचा गार्ड, हात आत जाऊ न देणारा, मीच काढला होता. दुरुस्ती लवकर उरकावी म्हणून. तुझी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी परत लावायचा राहिला."
मी घरात आले. आतून कडी लावली.
ते अजून बाहेरच आहेत.